बोटं नसलेले पाय

“मग लोक येतात तरी कशाला, माई?”

विश्वजितनं हे विचारलं तेव्हा तो मठाच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. मठ सांभाळणाऱ्या माई समोर मेथी निवडत होत्या. मी मठातला सेवेकरी; आत चहाचं आधण ठेवत होतो, पण कान बाहेरच होते.

“कुठं येत्यात?” माई म्हणाल्या.

“आमच्या दुकानात. ऑनलाइन दुकान हो, गोधड्यांचं. रोज येतात. लाल गोधडीपाशी तर नुसती झुंबड. येतात, बघतात, बघत बसतात... आणि काही न घेता निघून जातात.”

“मग बसू दे की बघत.”

“माई, चेष्टा नको. मी फार मोठा निर्णय घेऊन आलोय.”

हा विश्वजित म्हणजे आमच्या टेकडीखालच्या गावचा जावई. पुण्यात मोठ्या कंपनीत होता. ते सोडून बायकोच्या, केतकीच्या गावी येऊन राहिला. गावातल्या बाया जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, हातानं, बारीक टाक्यांनी. पारूताई त्यातली सगळ्यात जुनी. त्या गोधड्या हा फोनवरून जगाला विकणार होता. पोरगं मनानं चांगलं, पण फोनमधनं मान वर काढील तर शपथ.

“कसला निर्णय?” माईंनी विचारलं.

“हातानं शिवणं बंद. नवं लाल कापड आणायचं आणि मशीनवर शिवून घ्यायचं. आकडेच सांगतात तसं. लोकांना लाल हवंय. आज संध्याकाळी पारूताईंना सांगणार, की उद्यापासून येऊ नका.”

माईंचा हात मेथीवर थांबला.

“केतकी काय म्हणती?”

“केतकी... कालपासून बोलत नाहीये माझ्याशी.”

“आणि पारू?”

“त्यांना अजून माहीत नाही.” तो एकदम छाती पुढे काढून म्हणाला, “पण माई, मी अंदाजानं काही करत नाही. माझ्याकडे सगळी साधनं आहेत. कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठून मागे फिरलं, सगळं दिसतं. एक ॲप नाही, चांगली डझनभर आहेत. मला सल्ला नकोय. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

मी आतून कपाळाला हात लावला. आशीर्वाद म्हणजे काय दुकानात मिळणारी वस्तू आहे होय!

माई मात्र हसल्या.

“देते की. आधी माझं एक काम कर. तुला मोजता येतं न्हवं?”

“तेच तर करतो मी.”

“मग आज सकाळधरनं मठात किती माणसं आली, तेवढं मोजून दे. आज अंगण सारवलंय. पावलं उठल्याली दिसतील.”

तेव्हा मी बाहेर आलो आणि अंगण बघितलं. अहो, काय सांगू! पहाटे शेण मी आणलं होतं. माईंनी गुडघे टेकून सगळं अंगण सारवलं होतं, कडेनं पांढरी रेघ ओढली होती. आणि आता त्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे पावलंच पावलं. बाजार भरून गेल्यासारखं झालं होतं. मला असा राग आला म्हणता!

“कुणी केलं हे?” मी ओरडलोच.

“गप, म्हादबा,” माई म्हणाल्या. “तो मोजतोय.”

विश्वजितला तर हुरूपच आला. तो ओसरीच्या कडेला उभा राहिला, फोन उंच धरून अंगणाचे फोटो काढले, बोटानं काहीबाही सरकवलं, भुवया उडवल्या.

“माई, तुमच्याकडे गर्दी फार आहे!”

“व्हय?”

“प्रचंड. पण एक अडचण आहे. नीट ऐका हं. लोक फाटकातून आत येतात. सरळ तुळशीपाशी जातात. तिथे पुष्कळ वेळ थांबतात, बघा, तिथली जमीन पार तुडवली गेलीय. मग तिथल्या तिथे गोल फिरतात... आणि मागे वळतात. देवाकडे कुणी जातच नाही!”

“अरे देवा,” माई म्हणाल्या.

“म्हणजे तुमची तुळस लोकप्रिय आहे, देव नाही. यावर उपाय आहे. तुळस उचलून देवळाच्या दारात न्यायची. किंवा मग...” तो विचारात पडला. “तुळशीच वाढवायच्या. देवाचं नंतर बघू.”

मी माईंकडे बघितलं. माई अगदी गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होत्या. त्यांचा हा चेहरा मी ओळखतो. तो झाला की समोरच्याचं काही खरं नसतं.

“लई हुशार हाइस,” त्या म्हणाल्या. “आता एवढं सांग. बोटं मोजलीस का?”

“बोटं?”

“पायाची.”

विश्वजित ओसरीवरून वाकला. एका पावलाकडे बघितलं. मग शेजारच्या. मग त्याच्या पलीकडच्या.

“बोटं... नाहीयेत.”

“एकालाबी न्हाईत?”

“एकालाही नाहीत. नुसता गोल तळवा. माई, हे कसले पाय?”

“भुताचं असत्याल,” माई म्हणाल्या आणि परत मेथी निवडायला लागल्या.

विश्वजित बिचारा खरंच घाबरला. एक पाय जमिनीवरून उचलून त्यानं पोटाशी घेतला. आणि तो पाय त्याला दिसला. पायात मोजा होता. राखाडी, जाडजूड, पुण्याचा. आणि तळव्याला शेण.

चपला त्यानं फाटकाबाहेर काढल्या होत्या. रीत पाळली होती. मोजे तेवढे राहिले होते.

मला हसू आवरेना. मी खांबाला धरून हसलो. माईही हसल्या, मेथीची जुडी तोंडावर धरून.

“तुळशीपाशी रेंज येते,” विश्वजित पुटपुटला. “सकाळी तुम्ही पूजेत होतात. म्हणून मी जरा... फेऱ्या मारत होतो. दुकानात कोण कोण आलंय ते बघत.”

“आणि पायाला वलं लागलं न्हाई?”

“मोजे जाड आहेत, माई.”

“हां,” माई म्हणाल्या.

आधण उकळून उतू जायला आलं म्हणून मी आत पळालो.

चहा घेऊन आलो तर माई म्हणत होत्या, “बघू तरी तुझी ती लाल गोधडी. एवढी झुंबड कशापायी उडती?”

विश्वजितनं फोन पुढे केला. माईंनी डोळे बारीक केले आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला.

“अगं बया! कुणाची गं ही?”

मीही डोकावलो. गोधडीवर एक गुटगुटीत पोर बसली होती. तोंडात अख्खी मूठ, हनुवटीवर लाळ, कपाळावर हे एवढं काळं तीट. आणि हसत होती अशी की बघणाऱ्यानं कामधाम विसरावं.

“ओवी. माझी मुलगी,” विश्वजित म्हणाला. “पण माई, तुम्ही गोधडी बघा ना.”

“कुठली गोधडी?”

“ती... तिच्या खाली आहे ती.”

तेवढ्यात फोनची काच काळी झाली. “आता कुठं गेली? पुसलं का तिला? परत दाखव.”

त्यानं परत दाखवलं. माईंनी परत बघितलं. मी म्हटलं, मलाही एकदा नीट बघू द्या. आमचं दोघांचं चाललं होतं आणि विश्वजितचा चहा कपातच निवत होता.

“विश्वजित,” माईंनी हळूच विचारलं, “हा फोटू आणि कुणाकुणाला धाडला हुतास?”

“नाही, म्हणजे... घोरपडे परिवार म्हणून आमचा ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी दुकानाची लिंक टाकतो. सगळ्यांना सांगून ठेवलंय, की उघडत जा, आपल्याच घरचं काम आहे.”

“उघडत्यात?”

“न चुकता. सांगलीची आत्या, बेळगावचे काका, सगळी चुलत भावंडं...”

“सासूबाई?”

“सासूबाई सकाळी उघडतात. दुपारी जेवण झाल्यावर एकदा. आणि झोपताना...”

वाक्य तिथेच राहिलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. चेहरा असा झाला, की मला त्याची दया आली. मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

“घरची माणसं सोडून बाकीची दाखव, आसं सांगता येत न्हाई का त्याला?” माईंनी फोनकडे बोट केलं.

“येतं. बटण आहे.”

“मग?”

“दाबलं की आकडा कमी होतो, माई.”

“दाब.”

“तुम्हाला कळत नाहीये. आकडा एकदम...”

“दाब, लेका.”

तो उठला, तुळशीपाशी गेला, कारण रेंज तिथेच. जाताना मात्र कडेकडेनं गेला. त्यानं बटण दाबलं आणि फोनकडे बघत नुसता उभा राहिला.

“काय दिसतंय?” माईंनी ओसरीवरूनच विचारलं.

“काहीच नाही. अंगण रिकामं आहे, माई. लाल गोधडीपाशी कुणीसुद्धा नाही. एवढे दिवस मी... माझीच माणसं मोजत बसलो होतो.”

“झ्याक झालं!” माईंनी टाळीच वाजवली. “आता दिसंल.”

“काय दिसेल? कुणी नाहीच तर!”

“नीट बघ. कोपऱ्यात बघ.”

तो बघत राहिला. अंगठा हळूहळू सरकत होता. मग थांबला.

“एक आहेत,” तो म्हणाला. “मिरजेच्या कुणी नलिनी पाटणकर. पारूताईंची जुनी गोधडी आहे ना, ठिगळाठिगळांची, ती बघतात. परत परत येऊन तीच बघतात. नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला... आणि शेवटच्या पायरीवरून मागे फिरल्या. असं तीन-चार वेळा केलंय.”

“का फिरल्या?”

“ते कळायचं एक ॲप आहे. पण त्याला महिनाभराची माहिती लागते, मग ते अंदाज...”

“विश्वजित, तुझ्या हातात काय हाय?”

“फोन.”

“त्येच्यावरनं बोलता येतं का?”

विश्वजितनं फोनकडे असं बघितलं, जणू तो आत्ताच कुणी त्याच्या हातात दिला होता.

“हल्ली असं कुणी फोन करत नाही, माई. लोकांना आवडत नाही.”

माईंनी मेथीची एक काडी मोडली.

त्यानं फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

“हॅलो, नलिनीताई का? नमस्कार. मी गोधडीच्या दुकानातून बोलतोय.”

“मशीन बोलतंय का माणूस?” पलीकडून आवाज आला.

“माणूस, ताई.”

“अहो, देव पावला! किती दिवस झाले तुमच्या नंबरवर फोन करतेय मी. दर वेळी तुमचं ते मशीन उत्तर देतं, लाल गोधडीत रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत. कुणी दाखवला रस? मला लाल नकोय!”

“चुकलं, ताई. काय हवंय तुम्हाला?”

बाई थोड्या थांबल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज वेगळाच होता.

“माझी आई गेली मागच्या वर्षी. तिच्या साड्या आहेत माझ्याकडे, पेटीभर. नेसवत नाहीत आणि कुणाला देववतही नाहीत. तुमच्या त्या ठिगळांच्या गोधडीला कसे बारीक टाके आहेत... आईसारखे. म्हणून म्हटलं, मी साड्या पाठवल्या तर त्यांचीच गोधडी शिवून द्याल का? हातानंच हवी हं. मशीनची नको. पण हे लिहायला तुमच्या दुकानात जागाच नाही कुठे. नुसतं ‘विकत घ्या’ आणि ‘मागे जा’. मग मी मागे जाते.”

माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला? माझ्याही आईचं एक लुगडं ट्रंकेत आहे.

“देऊ, ताई,” विश्वजित म्हणाला. “हातानंच देऊ. पारूताई शिवतील. मी स्वतः येऊन साड्या घेऊन जातो.”

“आणि माझ्या दोघी बहिणी आहेत. त्यांनाही हवीय. त्या म्हणाल्या, आधी तू विचारून बघ.”

फोन ठेवला आणि लगेच त्यानं दुसरा लावला.

“केतकी, ठेवू नको... बोलू नको हवं तर, नुसतं ऐक. पारूताईंना मी काही सांगत नाहीये. म्हणजे सांगणार आहे, पण वेगळंच. त्या चष्मा नवा करायचा म्हणत होत्या ना? उद्याच घेऊन जातो त्यांना. काम यायला लागलंय. आणि ऐक ना... त्या लाल गोधडीवरून ओवीला खाली उतरव.”

पलीकडून केतकीचं हसू आम्हाला ओसरीवर ऐकू आलं. पोरीचंही आलं.

विश्वजित अंगणाच्या कडेनं परत आला आणि माईंच्या पाया पडला. तोंडावर नुसता उजेड.

“माई, एवढं एक सांगा. ही सगळी साधनं... काढून टाकू का? की ठेवू? आणि ठेवायची तर नेमकं कुठलं?”

माईंनी मेथी सुपात सारली. उठल्या, भिंतीकडेची शेणकाल्याची बादली ओढत आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. मग तुडवलेल्या अंगणाकडे हात केला.

मी म्हटलं, बरं झालं, आता कळू दे त्याला.

विश्वजितनं फोन ओसरीवर उपडा ठेवला, बाह्या वर सारल्या, बादली उचलली आणि मोठ्या उत्साहानं अंगणात उतरायला पाय पुढे टाकला.

“थांब,” माई म्हणाल्या.

तो एका पायावर थांबला.

“आधी मोजं काढ.”