भास्करच्या वर्गात झाड मरत नाही

"बुवा, हिरव्या वांग्याच्या झाडाला जांभळं वांगं कसं लागेल?"

हिराबाईंनी कुंडी मठाच्या ओट्यावर ठेवली आणि पदरानं कपाळ पुसलं. वर्गाच्या मांडवापासून इथवर ती त्यांनी स्वतःच उचलून आणली होती. झाड चांगलं गुडघाभर उंच, पानापानांनी भरलेलं. एका फांदीला अंगठ्याएवढं वांगं लोंबत होतं. जांभळं, चकचकीत.

मोतीबुवांनी वांग्याकडं पाहिलं. मग हिराबाईंकडं पाहिलं.

"नाही लागत," ते म्हणाले.

"मग हे काय?"

बुवांनी वांगं बोटांनी उलटून पाहिलं.

भास्कर शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

घटकाभरापूर्वी तो बुवांपुढं वेगळंच बोलणं घेऊन आला होता. पलीकडच्या तालुक्याच्या गावातून बोलावणं आलं होतं. तिथल्या लोकांनाही असाच बागकामाचा वर्ग हवा होता, आणि शिकवायला भास्करच हवा होता. बुवांनी हो म्हणावं, एवढीच खोटी होती.

मोतीबुवांचा मठ सावखेड्याच्या वेशीबाहेर होता. दोन खोल्या, एक विहीर आणि थोडी जमीन. बुवा कीर्तन करत नसत, गंडेदोरे देत नसत. दर रविवारी सकाळी गावातल्या आणि नव्या कॉलनीतल्या लोकांना गोळा करून ते माती कालवायला शिकवत. गुडघे धरायला लागले तसा त्यांनी तो वर्ग भास्करच्या हाती दिला. भास्कर नर्सरीतली नोकरी सोडून मठात आला होता. त्याच्या हातात कसब होतं, जिभेवर गोडवा होता. पाहता पाहता मांडव भरू लागला. ज्याची त्याची कुंडी मांडवातच राही. मधल्या वारी जाता-येता लोक डोकावत, आपल्या हातानं पाणी घालून जात.

आणि गावात एक बोलणं पसरलं. भास्करच्या वर्गात झाड मरत नाही.

ते खरंही होतं. कारण दर शनिवारी संध्याकाळी भास्कर मांडवातून एक फेरी मारायचा. ज्या कुंडीतलं रोप मलूल झालेलं, मान टाकलेलं दिसे, ते उपटून टाकायचा आणि त्या जागी तेवढ्याच उंचीचं दुसरं लावायचा. गोठ्यामागं त्यानं तशी रोपं वाढवूनच ठेवली होती.

कोणाला फसवावं म्हणून त्यानं ते सुरू केलं नव्हतं. वर्ग हाती आल्यावर पहिल्याच महिन्यात एका बाईंची मेथी करपली होती. त्या मांडवात सगळ्यांसमोर रडल्या आणि परत कधी आल्या नाहीत. ते तोंड भास्करच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या शनिवारी त्यानं पहिलं रोप बदललं.

"हिराबाई," बुवा म्हणाले, "बी कुठलं पेरलं होतं?"

हिराबाई ओशाळल्या. बाई साठीच्या पुढच्या, स्वभावानं भिडस्त. वर्गात मागं बसायच्या.

"भास्करभाऊंनी दिलेलं नाही पेरलं, बुवा. ते मी घरी नेलं. मी माझं पेरलं. माझ्या आईचं बी होतं. आमच्या माहेरी हिरवं वांगं होतं भरताचं, एवढं मोठं, की एकात घर जेवायचं. आई गेली त्या साली तिनं मला पुरचुंडीत बांधून दिलं. इतकी वर्षं हिंमतच झाली नाही. माझ्या हाताला काही जगत नाही ना... सासूबाई तसंच म्हणायच्या. मग म्हटलं, इथं शिकून लावावं."

"मला का नाही सांगितलंत, काकू?" भास्करच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांनी सारखंच करायचं. मला लाज वाटली."

बुवांनी भास्करकडं मान वळवली.

"भास्कर, तुझ्या वर्गात यंदा किती झाडं मेली?"

हा प्रश्न भास्करला पुष्कळांनी विचारला होता, आणि दर वेळी त्यानं हसून एकच उत्तर दिलं होतं. आज तो हिराबाईंकडं वळला.

"काकू," तो म्हणाला, "तुमचं रोप मेलं होतं. मी बदललं."

हिराबाई उभ्या होत्या त्या ओट्यावर बसल्या.

विहिरीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"कसं मेलं?" त्यांनी विचारलं.

भास्करला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर बोल लावतील. या प्रश्नाची त्याची तयारी नव्हती.

"म्हणजे?"

"म्हणजे वाळलं का? पिवळं पडलं का? किडीनं खाल्लं? तुम्ही उपटलंत ना? पाहिलं असेल ना?"

त्याला आठवत होतं. उपटलेलं प्रत्येक रोप त्याला आठवत होतं.

"उभं होतं ते आडवं झालं होतं. मातीला लागून देठ मऊ पडला होता, पाण्यात भिजल्यासारखा. पाणी जास्त झालं, काकू. कोवळ्या रोपाला पाणी जास्त झालं की मान कुजते. मी लावलं ते जून देठाचं होतं, म्हणून तगलं."

"मी रोज तांब्याभर घालायचे," हिराबाई सावकाश म्हणाल्या. "देवळातून येताना."

"हो..."

"इथलं जगलं, म्हणून मला वाटलं, माझी रीत बरोबर आहे. राहिलेलं सगळं बी मी घरी पेरलं, भाऊ. तशीच माती, रोज तसंच तांब्याभर पाणी. रोपं वर आली आणि झोपली. पुन्हा पेरलं, पुन्हा झोपली. मी म्हटलं, घरची मातीच वाईट असेल. दोनदा माती बदलली..."

त्या थांबल्या.

"आता काही नाही उरलं पुरचुंडीत."

भास्करला मान वर करवेना.

"काकू, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"रडले असते हो मी," हिराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, राग असता तर भास्करला बरं वाटलं असतं. "एक दिवस रडले असते. मग तुम्हाला विचारलं असतं."

त्या उठल्या. बुवांना नमस्कार केला. कुंडी तिथंच राहिली.

"वांगं चांगलं आहे, मठात भाजी करा," जाता जाता त्या म्हणाल्या, आणि फाटकाबाहेर पडल्या.

बुवा ओट्याच्या कडेला आलेलं गवत एकेक काडी करून उपटत होते.

"रागवा तरी मला, बुवा."

बुवा गवत उपटत राहिले.

"मी वाईट मनानं नाही केलं."

"नाही."

"कोणाला त्रास होऊ नये एवढंच होतं मनात."

"कोणाला?"

"लोकांना. रोप मेलेलं पाहून त्यांना..."

बुवांनी नुसतं वर पाहिलं.

भास्करनं ओट्यावरच्या कुंडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला बघवत नव्हतं."

बुवांनी मान हलवली आणि पुन्हा गवताला लागले. पलीकडच्या गावच्या वर्गाचा विषय दोघांनीही काढला नाही. दुपारी भास्करनं तिथं स्वतःच फोन केला आणि यंदा जमणार नाही म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी मांडव भरला तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं. उभं राहून, कुठलीही सबब न देता. कोणाकोणाची रोपं बदलली तेही नावानिशी सांगितलं.

मांडवात आधी कुजबुज झाली, मग गलका झाला.

बोंडे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

"म्हणजे माझी मिरची?"

"बदलली होती, गुरुजी."

"एकदाच?"

"...दोनदा."

गुरुजी हसायला लागले, पण हसू पुरं झालं नाही. "फोटो पाठवला होता मी पुण्याला," ते म्हणाले. "मुलाला. लिहिलं होतं, बापाच्या हातची मिरची." त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि कोणाशी न बोलता गेले. त्यांच्या मागून आणखी काही जण उठले. एकानं जाता जाता म्हटलं, "आम्हाला काय लहान पोरं समजलास का रे?"

भास्करनं ऐकून घेतलं.

गर्दी ओसरली तेव्हा कॉलनीतल्या सुनंदा भंगाळे पुढं आल्या. त्यांची कुंडी मांडवातली सगळ्यांत वेडीवाकडी. टोमॅटोचं झाड एका बाजूला कललेलं, पानं चुरगळलेली, चार टोमॅटो लागलेले.

"आणि हे?" त्यांनी दबकतच विचारलं. "माझं नाव नाही घेतलंत."

"ते तुमचंच आहे, ताई. पहिल्या दिवसापासून."

सुनंदाताईंनी झाडाकडं असं पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच पाहत होत्या. मग खाली बसून त्यांनी त्या कललेल्या खोडाला हात लावला. कितीतरी वेळ त्या उठल्याच नाहीत.

हिराबाई त्या रविवारी आल्या नव्हत्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या नाहीत. भास्कर एकदा त्यांच्या घरापर्यंत गेला. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, माहेरी गेल्यात.

माघ सरत आला होता. एका सकाळी भास्कर मांडव झाडत होता, तेव्हा फाटक वाजलं. हिराबाई. अंगावर प्रवासाची धूळ, एसटीतून उतरून घरी न जाता तशाच आलेल्या.

"भाऊ, मिळालं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वहिनीकडं राखेत घालून ठेवलेलं होतं. तेवढंच होतं. तिनं सगळं दिलं."

त्यांनी पदराची गाठ सोडली. चिमूटभर बी होतं. फिकट पिवळं, चपटं, राखेनं माखलेलं.

"तुम्ही पेरा," हिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते भास्करच्या तळहातावर ओतलं. "तुमच्या हाताला यश आहे. माझा भरवसा नाही."

भास्करची बोटं मिटली. एवढं बी तो डोळे झाकून जगवू शकत होता. झाड वाढवून, हिरवंगार वांगं लागलेलं, ते तो हिराबाईंच्या दारात नेऊन ठेवू शकला असता. सगळी भरपाई झाली असती. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं...

बुवा काठी टेकत मांडवात आले होते. ते भास्करसमोर उभे राहिले आणि त्यांनी आपला हात पुढं केला.

भास्करनं मूठ उघडली.

बुवांनी तळहातावरचं बी आपल्या हातात घेतलं. एकही दाणा खाली न सांडता ते हिराबाईंकडं वळले आणि त्यांच्या ओंजळीत ओतलं. मग कोपऱ्यातली रिकामी कुंडी काठीनं त्यांच्यापुढं सरकवली.

हिराबाईंनी बुवांकडं पाहिलं, भास्करकडं पाहिलं. शेवटी त्या खाली बसल्या. कुंडी भरली, माती भुरभुरीत केली, बोटानं रेघ ओढली. थोडं बी पेरलं, थोडं पुन्हा गाठीला बांधलं. वरून माती पसरली आणि सवयीनं तांब्या भरून घेतला.

पाण्याची धार पडू लागली. भास्करचा हात आपोआप पुढं झाला, तांब्या काढून घ्यायला. त्यानं तो मागं घेतला.

"बास, काकू," तो म्हणाला. "आता बोटानं चाचपून पाहा. पेरापर्यंत ओल लागली की पुरे. उद्या माती सुकली तरच घालायचं."

हिराबाईंनी धार थांबवली. मातीत बोट खुपसलं. मान डोलावली. आणि अर्धा भरलेला तांब्या शेजारच्या टोमॅटोला घालायला उठल्या.

त्या गेल्यावर भास्कर कुंडीपाशीच घुटमळला. मातीवर अजून काहीच दिसत नव्हतं. तरी त्याची नजर हलेना.

"बुवा," तो म्हणाला, "चिमूटभरच बी आहे. वहिनीकडंही उरलेलं नाही."

"हं."

"पुन्हा मेलं तर?"

बुवा निघाले होते. काठी टेकून थांबले.

"मरेल," ते म्हणाले. "पण हिराबाईंचं मरेल."