दोन वेशींचा शब्द

एका गावात एक शब्द आला. माणूस आला असता, तर वेशीवर कुणी तरी विचारलं असतं, कुठला रे तू, कुणाकडं निघालास. शब्दाला कोण विचारतो?

शब्द होता 'दुवेशी'. आठवडी बाजारात दोन माणसं भांडली. एकानं दुसऱ्याला दुवेशी म्हटलं, आणि ऐकणाऱ्याचं तोंडच उतरलं. बघणाऱ्यांना वाटलं, शब्द जबरी दिसतोय. मीठमिरचीबरोबर तोही त्यांनी घरी आणला.

दिवसही तसेच होते. बंधाऱ्याच्या पाण्यावरून शेजारच्या पारगावाशी तंटा पेटला होता. गावाला स्वस्थता नव्हती. कुत्रं भुंकलं तरी माणसं काठ्या घेऊन बाहेर यायची. आता त्यात ही भर पडली. आपल्यात दुवेशी कोण?

कुणी म्हणे, आपलं खाऊन त्यांचं गातो तो. कुणी म्हणे, इकडचं तिकडं सांगतो तो. एक जण म्हणाला, कमी बोलतो तो. अर्थ ज्याचा त्याचा निराळा, बोट मात्र सगळ्यांचं एकाच दाराकडं. ते दार म्हादबा कासाराचं. तो बांगड्या भरायला दोन्ही गावांत जायचा.

रायाजी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं. "म्हादबा, उद्या उजाडता गाव सोड."

म्हादबाची बायको अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन जायचं कुठं? तो म्हणाला, "जातो, पाटील. फक्त एवढं सांगा, दुवेशी म्हणजे नेमकं काय? पुढच्या गावानं विचारलं, का काढलं, तर मला सांगता आलं पाहिजे."

चावडीवर जमलेला जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू लागला.

शेवटी पाटलांचा उजवा हात, सटवाजी चौगुला, खाकरला. "त्यात काय अवघड आहे? दु म्हणजे दोन. दोन वेशींत ज्याचा पाय, तो दुवेशी."

सगळ्यांना हायसं वाटलं. माना हलल्या. पाटील म्हणाले, "ठरलं तर. दोन वेशींत पाय असलेलं माणूस या गावात राहणार नाही."

पाटलांची आई भागाई भिंतीआड बसून ऐकत होती. ती उठली आणि घरी गेली. परत आली ती काखेत गाठोडं घेऊन. मागं तिची सून. सुनेच्या मागं आळीतल्या बायका, कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर मूल.

"आई, हे काय?"

"निघाले बाबा. मी पारगावची लेक. एक वेस सोडून दुसरीत आले, तेव्हा तुझा जन्म झाला. ही तुझी बायको खालच्या वाडीची. आणि सटवा, तुझ्या घरात तर तुझी आई आणि बायको दोघी पारगावच्या. चूल कोण पेटवणार ते आताच ठरवून ठेव."

सटवाजी पुटपुटला, "बायकांचं निराळं असतं, मावशी."

"मग अर्थ बदल. आम्ही थांबतो."

भागाई खरंच खाली बसली. म्हणाली, "इकडचं तिकडं सांगतो म्हणता, ते खरं आहे. या तंट्याच्या दिवसांत तिकडं पारगावात माझा भाऊ वारला. तुम्ही सांगावासुद्धा येऊ दिला नाहीत. मला ते म्हादबानं सांगितलं. सुनेच्या हातात बांगडी चढवत होता, ती तशीच अर्धी राहिली."



सटवाजी विचार करत राहिला. कासार बाहेर जाईल आणि आपली आई घरात राहील, असा अर्थ त्याला काही केल्या सापडेना.

पाटलांनी पुढं होऊन आईचं गाठोडं धरलं. तिनं ते सोडलं नाही. "आधी त्याला सांग," ती म्हणाली.

पाटील वळले. "म्हादबा, घरी जा. वहिनी एकट्या असतील."

तात्पर्य: ज्या शब्दाचा अर्थ आपल्यालाच धड सांगता येत नाही, त्या शब्दानं कुणाला गावाबाहेर काढू नये; नीट अर्थ लावायला बसलो, तर आपलंच घर रिकामं होतं.