तांबटाच्या मुलाचे नाव

एका गावात एक तांबट होता. नाव जिवबा. तांब्यापितळेची भांडी घडवायची आणि घेणाऱ्याचे नाव त्यांवर घालून द्यायचे, हा त्याचा धंदा. हात असा सफाईदार, की त्याने घातलेले नाव दिसले की बायका भांडे उचलून उजेडात धरीत. गावातले बहुतेक प्रत्येक नाव त्याच्या छिन्नीखालून गेले होते. त्याचा त्याला गर्व होता, आणि खरे सांगायचे तर त्या नावांचा आताशा वीटही आला होता.

लग्नाला बरीच वर्षे झाली तरी त्याच्या घरात पाळणा हलला नव्हता. त्याच्या बायकोने, सगुणाने, उपास केले, नवस बोलले, टोमणे ऐकले. शेवटी देवाला दया आली आणि मुलगा झाला. मुलगा चांगला गुटगुटीत होता, पण बाळंतीण फार थकली. तिच्या अंगात बारीक ताप राहू लागला. तरी ती आनंदात होती. तिला घाई एकाच गोष्टीची होती. बाळाला नाव ठेवावे आणि आपल्या तोंडाने त्याला त्या नावाने हाक मारावी.

बारशाचा दिवस आला. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. म्हणून जिवबाची थोरली बहीण चंद्राक्का नवे लुगडे नेसून पाळण्यापाशी बसली. घुगऱ्या शिजल्या, शेजारणी जमल्या, आणि मग कळले, की जिवबाने नावच ठरवलेले नाही.

"गोविंद ठेव," चंद्राक्का म्हणाली.

"गोविंद? बाजारात उभी राहून गोविंदा म्हणून हाक मार. निम्मा बाजार ओ देईल."

"मग नारायण?"

"कालच दोन घागरींवर घातलं."

"मग आपल्या आबांचं ठेव. बापाचं नाव तरी चालेल ना तुला?"

"आबांचं नाव विठोबा. या आळीतच चार विठोबा आहेत, आणि त्यांतला एक दारुडा."

जिवबाला नाव हवे होते जुने, देवाधर्माचे, चारचौघांत शोभणारे. पण ते दुसऱ्या कुणाच्याही घरात असता कामा नये. म्हणजे आंबा हवा, पण झाडाला लागलेला नको! शेजारणी घुगऱ्या खाऊन हसत घरी गेल्या. बाळ पाळण्यात तसेच बिननावाचे राहिले.

"सवा महिन्यानं करू बारसं," जिवबा म्हणाला. "नाव काही पळून जात नाही."

सगुणा हळूच म्हणाली, "अहो, तोवर लाडानं काहीतरी म्हणू दे मला. सोन्या म्हणते, नाहीतर बाब्या म्हणते."

"टोपणनाव मुळीच नको," जिवबा म्हणाला. "भांड्यावर पहिला ओरखडा पडला की पडला, मग कितीही घासा. आज बाब्या म्हणशील, तर म्हातारपणीही बाब्याच राहील."

सगुणा नवऱ्याचा शब्द मोडणारी नव्हती. ती मुलाला नुसते 'बाळ' म्हणू लागली.

जिवबा भटजींकडे गेला. भटजींनी अभिमन्यू सुचवले. जिवबा म्हणाला, तो कोवळ्या वयात मेला. परीक्षित सुचवले, तर त्याला साप चावला. हरिश्चंद्राने डोंबाघरी पाणी भरले. नळ तर बायकोला रानात टाकून निघून गेला. भटजींनी पोथी मिटली.

"जिवबा, पुराणात सुखानं जगलेला कुणी तुला सापडला, तर मलाही येऊन सांग."

असे दिवस गेले. नाव ठेवायचे सोडून हा गृहस्थ नावांना नावे ठेवीत बसला. सवा महिना उलटून गेला. सगुणाचा ताप उतरेना. वैद्याचा काढा झाला, चाटण झाले, तरी तिचे हात काड्यांसारखे होत चालले. बाळाला मांडीवर घ्यायचीही तिला ताकद राहिली नाही. ती पडल्या पडल्या पाळण्याची दोरी ओढी आणि म्हणे, "बाळ, निज रे बाळ."

चंद्राक्काला ते बघवेना. एक दिवस तिने भावाला परसात गाठले.

"जिवबा, तुझा हट्ट आता पुरे. दगडू ठेव, धोंडू ठेव, काहीही ठेव. पण तिला एकदा लेकाला नावानं हाक मारू दे. तिचं काही खरं दिसत नाही."

"माझ्या लेकाला दगडू म्हणायचं?" जिवबा उसळून म्हणाला.

तो दुष्ट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, तिच्या औषधात त्याने काही कमी केले नव्हते. त्याला वाटे, आपण असे नाव आणू की ते ऐकून हिला उभारी येईल. माणूस स्वतःच्या हट्टाला दुसऱ्याच्या सुखाचे नाव देतो, तेव्हा त्याला अडवणे कठीण असते.

तेवढ्यात कळले, की डोंगरापलीकडच्या गावात उत्सव आहे आणि मोठे विद्वान हरिदास कीर्तनाला आले आहेत. जिवबाने पागोटे बांधले. सगुणाने त्याला जवळ बोलावले.

"लवकर या," ती म्हणाली. "आणि जे मिळेल ते घेऊन या. मला कुठलंही चालेल."

कीर्तनात हरिदासांनी उपमन्यूची गोष्ट सांगितली. गरिबाचे पोर, दुधासाठी रडले. आईजवळ दूध नव्हते, म्हणून तिने पिठात पाणी कालवून दिले. पोराने देवाला आळवले, आणि देवाने त्याला अख्खा क्षीरसागर दिला. जिवबा उठून उभाच राहिला. नाव जुने होते, देवाच्या कृपेचे होते, आणि साऱ्या मुलखात कुणी ठेवलेले नव्हते. प्रसादालाही न थांबता तो ते नाव मोठमोठ्याने घोकीत डोंगर उतरला.

घरापाशी आला तेव्हा ऊन डोक्यावर होते. ओटीवर शेजारणी जमल्या होत्या. आत चंद्राक्काच्या खांद्यावर बाळ रडत होते. सगुणाचे डोळे अर्धे मिटले होते. जिवबा तिच्या उशाशी बसला आणि तिच्या कानाशी वाकला.

"उपमन्यू. आपल्या बाळाचं नाव उपमन्यू."

सगुणाला ऐकू आले. तिने डोळे उघडले, बाळाकडे पाहिले. तिचे ओठ हलले. चंद्राक्काने बाळ खाली धरले आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला. सगुणाने पुन्हा ओठ हलवले. आवाज फुटला नाही. दिवेलागणीच्या आत ती गेली.

सुतक फिटल्यावर बारसे झाले. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, पण तिच्या पाठीत थट्टेने धपाटे घालायला कुणाचा हात उठला नाही. पाळणा कुणी म्हटला नाही. क्षीरसागर मिळवणाऱ्याचे नाव मिळालेले ते मूल शेळीच्या दुधावर वाढले. तेही कधी मिळे, कधी न मिळे.

मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला. एका संध्याकाळी तो बापाच्या दुकानात बसला होता. आळीतल्या बाया आपापल्या पोरांना जेवायला बोलावीत होत्या. कुणी गोंद्या म्हणत होती, कुणी नाऱ्या, कुणी बाब्या. पोरे ओ देत घराकडे पळत होती. मुलगा ते बराच वेळ ऐकत राहिला.

"बाबा," त्याने विचारले, "माझी आई मला काय म्हणायची?"

जिवबाची हातोडी थांबली. काहीतरी गोड खोटे सांगावे, असे त्याच्या मनात आले. साऱ्या गावाची नावे त्याला पाठ होती, पण त्या घडीला त्याला एकही सुचेना.

"बाळ म्हणायची," तो म्हणाला.

मुलगा उठला.

"बाळ तर सगळ्यांनाच म्हणतात," तो म्हणाला आणि घरात निघून गेला.

जिवबाला वाटले, तिने याला गोंद्या म्हटले असते तरी चालले असते. दगडू म्हटले असते तरी चालले असते. तिच्या तोंडचा एक शब्द याच्या एकट्याचा झाला असता. तो शब्द आपणच तिला उच्चारू दिला नाही. आता तो कुठल्या डोंगरापलीकडे जाऊन आणायचा, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हते.

तात्पर्य: नाव मोलाचे होते ते हाक मारणाऱ्याच्या मायेने. उत्तमाच्या शोधात ते माणूसच हातचे गेले, तर मागून सापडलेले उत्तम कुणाच्याच कामी येत नाही.