पेजेचा दुसरा वाडगा

“आणि चप्पल मुळीच घातली नाही, काकी? अख्खा उपवासकाळ?”

शेजारच्या लुद्रीनने वाटेत मला विचारलं. माझा थोरला तापातून उठावा म्हणून मी एकदा अनवाणी राहण्याचा नवस बोलले होते, ते तिच्या कानावर आलं होतं.

“नाही घातली.”

“मग मी त्याहून कठीण काहीतरी करते.”

राखेचा बुधवार कालच झाला होता, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला होता. आम्ही म्हाताऱ्या फादर इनासांकडे चाललो होतो. चर्चमागच्या खोलीत ते एकटेच असतात.

नाताळात लुद्रीनची सासू गेली. तेव्हापासून सासऱ्यांची, तिच्या पपांची, अन्नावरची वासनाच उडालीय. दोन घास खातात, ताट दूर सारतात. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. माणूस मात्र दिवसेंदिवस खाटेला लागत चाललाय.

फादर खिडकीशी बसले होते. पुढ्यात पेजेचा वाडगा, त्यावर ताटली झाकलेली.

“फादर, ईस्टरपर्यंत मी कोरडा पाव आणि पाणी, एवढंच घेणार. पपा जेवायला लागावेत म्हणून. तुम्ही आशीर्वाद द्या.”

माझा तो जुना नवस फादरांना ठाऊक होता. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“एकीचे पाय, एकीचं पोट. शर्यत लावलीय का गं तुम्ही?”

मी पाय मागे ओढून घेतले.

“पपांना ताट कोण वाढतं?”

“मीच. खाटेवर नेऊन देते. वेळेवर, गरम.”

“आणि मग?”

“मग... मला कामं असतात, फादर.”

पेज निवत होती...

“तुम्ही जेवून घ्या ना,” लुद्रीन म्हणाली.

“नको वाटतं. सकाळचीही तशीच परत गेली.”

“असं कसं? दोन चमचे तरी घ्या.”

“घेतो. तू बस इथे. जसिंता, फडताळातला वाडगा दे हिला.”

लुद्रीन मागे सरली. “फादर, माझा उपास...”

फादरांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि वाडगा दूर सारला.

लुद्रीन त्या सारलेल्या वाडग्याकडे बघत राहिली.

मग ती स्टुलावर टेकली. मी फडताळातून वाडगा काढला आणि फादरांची अर्धी पेज त्यात ओतून तिला दिली. तिने एक चमचा तोंडात घातला, तेव्हा तिचे डोळे भरले होते. फादरांनीही एक घेतला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

“आमच्या आईही अशीच अळणी करायच्या. पपा रोज कुरकुरायचे, आणि आई म्हणायच्या...”

तिने चमचा पुन्हा पेजेत बुडवला. फादर हळूहळू जेवत राहिले. तीही.

वाडगे रिकामे झाले.

“मोडला ना माझा उपास,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता काय करू, फादर?”

फादरांनी तिचा वाडगा उचलून आपल्या वाडग्यात ठेवला.

“रोज मोड. पपांच्या समोर बसून.”