तानू लोहारीण आणि मानाचा बार

फार मागची गोष्ट. तेव्हा नेरवणला रस्ता नव्हता, शाळा नव्हती, पण मान होते. आधी नारळ कुणी ठेवायचा यावरून डोकी फुटायची. सगळ्यांत मोठा मान शिमग्याच्या पहिल्या बाराचा. पालखी देवळाच्या दारात आली की ठासणीची बंदूक आभाळाकडे धरून बार काढायचा. त्याशिवाय देव पायरी उतरत नसे. हा मान दाजी गावकाराचा. पण दाजीचे हात थरथरायचे, म्हणून मान त्याचा आणि बंदूक लोहाराच्या हातात.

एका शिमग्याला भिवा लोहाराच्या हातात ती दगा देऊन गेली. नळीच्या कानाशी, म्हणजे बुडाजवळच्या बारीक भोकाशी, घातलेली चिमूटभर रंजक, पेट देणारी बारीक दारू, भुर्रकन जळली, आत ठासलेली दारू गप्प. बार फसला म्हणजे देव कोपला. पारावरचे म्हातारे एका सुरात ओरडले, "फुक मार रे, फुक मार!" नळीत फुंकलं की कान मोकळा होतो, असं त्यांना त्यांच्या बापांनी सांगितलं होतं. भिवाने तोंड लावलं. आतली ठिणगी विझलेली नव्हती.

देवाने त्याला नेलं, असं म्हणतात. देवाने नाही. पारावर बसलेल्या सात म्हाताऱ्यांनी नेलं.

भिवाची बायको तानू. बाराव्याचं जेवून हात धुतले, आणि त्याच म्हाताऱ्यांनी तीच बंदूक तिच्या दारात आणून टाकली. साफ करून दे म्हणे, दुसरं कोण आहे? तानूने बंदूक फणसाच्या बेचक्यात बांधली, दमट दारू ठासली, रंजकीला लांब वात लावली आणि दगडामागे शंभरपर्यंत आकडे मोजत बसून राहिली. रोज. वीस वेळा काहीच व्हायचं नाही. एकविसाव्या वेळी, आता उठावं असं तिच्या मनात येई, तेव्हा नळी गरजायची. वर्षभर ती हेच बघत होती. गाव म्हणालं, बाई खुळावली.

पुढचा शिमगा आला. बंदूक आता तिच्या धाकट्या दिराच्या, गुणाच्या हातात. लग्न होऊन त्याला महिना झाला होता. रात्रभर दव पडलेलं, आणि दारू गावकाराच्या पडवीत उघडी राहिलेली. उन्हं चढली, पालखी दारात आली, गुणाने चाप ओढला.

भुर्र. आणि मग काही नाही.

ढोल थांबले. पारावरून दाजी ओरडला, "फुक मार रे! बघतंस काय?"

गुणाने नळी खाली घेतली. तानू बायकांच्या घोळक्यातून धावली. तिने नळी दोन्ही हातांनी धरली आणि आभाळाकडे फिरवली.

"वयनी, सोड," गुणा पुटपुटला. "सगळे बघतत."

"बघूंदेत. भावजी, तुमी लांब व्हा."

"गो, बाजूक हो!" दाजी काठी टेकत आला. "बाईल माणसान मानाची बंदूक धरूची नाय! इटाळ झालो!"

"मगे तुमी धरा, गावकारांनू. मान तुमचो. येवा, तोंड लावा."

दाजीने तोंड लावलं नाही. त्याने काठी उगारली आणि तिच्या मनगटावर मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट मोडल्याचा आवाज मागच्या बायकांनाही ऐकू आला. तानूची नळी तसूभर हलली नाही. पालखीखालचे भोई घामाने भिजले, पण कुणाला पाय उचलवेना.

ती दोन प्रहर तशीच उभी होती, सूर्यही डोंगरावर थबकून बघत राहिला, असं म्हणतात. पान चघळून थुंकायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. पण त्या वेळात गुणाला आपल्या भावाचा चेहरा आठवला, त्या चेहऱ्याच्या जागी काय राहिलं होतं तेही आठवलं, आणि तो बंदूक सोडून मागे सरला.

मग बार झाला.

आवाज सात डोंगर फिरून परत आला, वरच्या ढगाला भोक पडलं आणि त्यातून ऊन थेट तानूच्या डोक्यावर उतरलं, असं म्हणतात. तिचा उजवा कान गेला आणि तळहात कोळशासारखे झाले, हे मात्र कुणी सांगत नाही.

देव पायरी उतरला. तानूने बंदूक दाजीच्या हातात दिली. घाबरून त्याने ती छातीशी धरली, तशी तिने नळी वर ढकलली. "वर धरा," ती म्हणाली. एवढंच.

नेरवणात आजही शिमग्याला बार फसला की कुणी ओरडत नाही. ज्याचा मान, त्यानेच पुढे होऊन नळी आभाळाकडे धरायची, हात कितीही थरथरत असले तरी. गावातल्या बायका एका आवाजात शंभर आकडे मोजतात. त्याला 'तानूचं शंभर' म्हणतात. मग लोहाराघरची सून तांब्याभर पाणी नळीत ओतते, आणि कानातून काळं पाणी ठिबकेपर्यंत पालखी जागची हलत नाही. देव थांबतो.

म्हातारेसुद्धा थांबतात.