पहिली गाठ

पाखरंसुद्धा यंत्रं वापरायची, त्या काळची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथे तरण्या नरांनी पहिली दोन वर्षं म्हाताऱ्यांच्या घरट्यांना सुरुवातीच्या गाठी मारून द्यायच्या आणि चुकत चुकत विणकाम शिकायचं, अशी रीत होती.

मग विणणारं यंत्र आलं. ते झटपट गाठी मारी, चुकत नसे. म्हाताऱ्यांनी पोरांना घरी बसवलं आणि वर त्यांनाच आळशी म्हणू लागले.

पिवळ्या नावाचा तरणा नर वस्तीच्या म्होरक्याकडे, अण्णांकडे गेला. "अण्णा, काम द्या. घरटं विणता आलं नाही तर मला कोणती मादी पसंत करणार?"

"अनुभव आहे?"

"गाठी मारू दिल्यात कुठे?"

"आम्ही कष्टाने शिकलो, बाळा."

"तुमचं पहिलं घरटं विहिरीत पडलं होतं, आई सांगते. तेव्हा तुम्हाला कुणी अनुभव विचारला होता?"

अण्णांनी खाली पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी गवताची एक लांब पाती आणली, फांदीवर टाकली आणि तिचं एक टोक पायाखाली दाबून धरलं.

पिवळ्याने गाठ मारली. ती सुटली. दुसरीही सुटली.

पण अण्णांनी टोक सोडलं नाही.