पिंपळावरचे वैद्य

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं आहे. पण ती आत काढा उकळते आहे, तोवर सांगते.

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. त्याने मांत्रिकाकडे वर मागितला, "माझ्या रुग्णालयात चुकणारा वैद्य नको."

मांत्रिक म्हणाला, "तथास्तु. जो चूक कबूल करील, त्याची साळुंकी होईल."

झालं! खरं बोलणारे वैद्य एकेक करून साळुंक्या झाले आणि दारातल्या पिंपळावर जाऊन बसले. उरलेले गप्प राहायला शिकले. तापाचा काढा आणि झोपेचा काढा सारख्याच पांढऱ्या बरण्यांत, एकाच फळीवर. दर पावसाळ्यात कुणीतरी एकीऐवजी दुसरी बरणी उचलण्याची तीच चूक करी. साळुंक्या ओरडत, "बरण्या बदला! बरण्या बदला!"

लोक म्हणत, "काय कटकट आहे या पाखरांची!"

मग राजकन्या इंदुप्रभेला ताप आला. काढा पाजला, ती निजली, ती उठेचना. राजा धावत आला.

"कोणी केलं हे?"

सगळे वैद्य भिंतीकडे पाहू लागले. काय पाजलं हे कळल्याशिवाय उतारा देता येत नव्हता, आणि तिचा श्वास मंदावत होता.

एक साळुंकी खिडकीत उतरली. "महाराज, तीनच प्रश्न विचारा. काय झालं? कसं झालं? पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? 'कोणी' विचारू नका."

राजा म्हणाला, "बरं. काय झालं? आणि कोणी केलं?"

साळुंकीने चोच गजावर आपटली. "महाराज!"

"काय झालं? कसं झालं? कोणाच्या हातून झालं?"

"तेच की हो ते! लेक हवी आहे की गुन्हेगार?"

राजाने लेकीचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. राजा हळूच म्हणाला, "काय झालं?" आणि दुसऱ्या हाताने स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

राजवैद्य पुढे आले. "झोपेचा काढा पाजला गेला. मीच पाजला." त्यांच्या बोटांना पिसं फुटू लागली.

राजाने तोंडावरचा हात बाजूला केला. "कसं झालं?"

दोष न देता विचारलेला प्रश्न ऐकताच पिसं गळून पडली. "बरण्या सारख्या. घाईत वासही घेतला नाही."

"पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?"

"झोपेची बरणी लाल करा. पाजण्याआधी दोघांनी काढ्याचं नाव मोठ्याने घ्यावं."

"तसंच होईल."

राजवैद्यांनी उतारा पाजला. इंदुप्रभेने डोळे उघडून पाणी मागितलं.

तेवढ्यात पिंपळ करकरला. फांद्याफांद्यांवर साळुंक्यांच्या जागी म्हातारे वैद्य बसले होते आणि कुणालाच उतरता येत नव्हतं. शिडी कुणी आणलीच नव्हती! राजाने "कोणी..." म्हणायला तोंड उघडलं, जीभ चावली आणि स्वतःच शिडी आणायला गेला.

खिडकीतल्या साळुंकीचीही बाई झाली. रागावली की ती अजून शीळ घालते. हे लोकांना कळलेलं तिला मुळीच खपत नाही, कारण ती माझी...

"अगं ए! काढा ओतायचाय. नाव मोठ्याने घ्यायला ये लवकर!"

आले, आत्या!